मराठी पुस्तकं कानांनी वाचायची तर: सुरुवात कुठून करावी, पुढे कसं जावं

ऑडिओबुकचं ॲप घेतलं, एक गाजलेली कादंबरी लावली, दोन प्रकरणं झाली आणि मग ते तसंच राहून गेलं, असं सांगणारे पुष्कळ जण भेटतात. त्यातले बरेचसे पट्टीचे वाचक असतात. ‘ऐकताना लक्षच लागत नाही हो,’ ही त्यांची तक्रार. माझ्या मते याचं कारण बहुधा निवडीत असतं. डोळ्यांनी वाचायला उत्तम असलेलं पुस्तक कानांना पहिल्याच दिवशी पेलेल असं नाही. शिवाय पुस्तक घेताना आपण लेखक बघतो आणि वाचणाऱ्याचं नाव बघायचं विसरतो. ऐकायच्या पुस्तकात वाचणारा हा निम्मा लेखक असतो.

कीर्तन, पोथी, कथाकथन, आकाशवाणी यांवर वाढलेल्या मराठी माणसाचा कान मुळात तयार आहे. त्याला क्रमाक्रमाने पुन्हा कामाला लावायचं, एवढंच. खाली दिलेला क्रम साधारण दोन-तीन महिन्यांचा आहे.

आधी वेळ ठरवा, मग पुस्तक

हात गुंतलेले आणि डोकं मोकळं, अशी दिवसातली एक वेळ शोधा. पोळ्या लाटताना, भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना, सकाळी चालताना किंवा लोकलमध्ये बसायला जागा मिळाली असेल तेव्हा. हिशेब करताना, मेसेजना उत्तरं देताना किंवा मुलाचा अभ्यास घेताना साहित्य ऐकता येत नाही. शब्द दोन्हीकडे लागतात आणि दोन्हीकडचे निसटतात. दुचाकी चालवताना तर कानात काहीही घालू नका.

वेळ ठरली की तिची लांबी मोजा. रोज वीस मिनिटं मिळणार असतील तर वीस मिनिटांत पुरी होणारी गोष्ट घ्या. गोष्ट मध्येच तोडून उद्यावर टाकायची सवय पहिल्या आठवड्यात लागली की ऐकणं तिथेच संपतं. मिक्सर आणि कुकरच्या शिट्ट्यांच्या आवाजात कविता लावू नका, तिथे विनोदी कथा तग धरते.

पहिला आठवडा: सांगण्यासाठीच लिहिलेल्या गोष्टी

सुरुवात कथाकथनापासून करा, असा माझा आग्रह आहे. १९६०च्या दशकात व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार या तिघांनी गावोगाव एकत्र कथाकथनाचे कार्यक्रम केले. समोरचा श्रोता हसतो कुठे, गप्प होतो कुठे, हे ठाऊक असलेल्या माणसांची ही गद्यशैली आहे. वाक्यं आटोपशीर, संवाद भरपूर, माणूस बोलायला लागला की तो कोण हे लगेच कळतं. मिरासदारांची ‘भुताचा जन्म’ आणि शंकर पाटलांची ‘धिंड’ या दोन कथा पहिल्या दोन दिवसांसाठी घ्या.

तिसऱ्या दिवशी पु. ल. देशपांडे यांच्या स्वतःच्या आवाजातली ‘म्हैस’. एसटीला म्हैस आडवी येते, गाडी थांबते आणि मग गाडीतला एकेक माणूस तोंड उघडतो. ड्रायव्हर, पुढारी, मास्तर, म्हशीचा मालक. कोण बोलतंय हे पु. ल. दर वेळी सांगत बसत नाहीत, आवाजातल्या बदलावरूनच ते कळतं. हीच कथा दोनदा ऐका. पहिल्यांदा हसून घ्या. दुसऱ्यांदा फक्त एवढंच ऐका, की ते थांबतात कुठे आणि एका पात्राकडून दुसऱ्याकडे जाताना लय कशी बदलतात. चांगलं वाचन कशाला म्हणायचं याचं माप एकदा कानात बसलं की पुढची सगळी ऑडिओबुकं तुम्ही त्या मापाने जोखू शकाल.

दुसरा टप्पा: क्रमशः ऐकण्याची सवय

क्रमशः ऐकण्याचा सर्वात मोठा मराठी धडा पुणे आकाशवाणीने दिला आहे. ‘गीतरामायण’ १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला सुरू झालं आणि १९ एप्रिल १९५६पर्यंत दर आठवड्याला एक गीत या गतीने चाललं. त्या वर्षी अधिक मास आल्यामुळे ५२च्या जागी ५६ गीतं झाली. ग. दि. माडगूळकर लिहीत होते, सुधीर फडके चाल लावत होते आणि लोक आठवडाभर थांबत होते. आज सगळी गीतं एका बैठकीत ऐकता येतात, पण तसं करू नका. रोज एकच ऐका आणि शब्द समोर ठेवा. मूळ मालिकेत वेगवेगळ्या पात्रांना वेगवेगळे गायक होते, नंतर फडक्यांनी सगळी गीतं स्वतःच्या आवाजात गायली. दोन्ही मिळाली तर एखादं गीत दोन्ही आवाजांत ऐकून पाहा. आवाज बदलल्याने अर्थ कसा हलतो, हे तिथे लख्ख कळतं.

गद्यात असंच पुस्तक हवं असेल तर साने गुरुजींचं ‘श्यामची आई’. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेल्या या पुस्तकाची प्रकरणं म्हणजे रात्री आहेत. आश्रमात रोज रात्री श्याम आठवण सांगतो आणि बाकीचे ऐकतात, अशी त्याची रचना. अशा ४२ रात्री. पुस्तकाचीच मांडणी ऐकण्याची असल्यामुळे एका रात्री एक प्रकरण, हा नियम आपोआप जमतो. परदेशात वाढणाऱ्या ज्या मुलांना मराठी समजतं पण देवनागरी वाचता येत नाही, त्यांच्यासाठी यापेक्षा चांगली सुरुवात मला सुचत नाही. आई किंवा बाबांनी शेजारी बसावं, अडलेल्या शब्दाला थांबवावं, अर्थ सांगावा, पुढे जावं.

वाचणारा कसा पारखायचा

पैसे भरण्याआधी नमुना ऐका, बहुतेक ॲपवर तो मिळतो. पाच मिनिटं पुरतात, मात्र ती शक्यतो संवाद असलेल्या भागातली असावीत. पहिल्या परिच्छेदावर सगळेच मेहनत घेतात.

उच्चार आधी पाहा. मराठीत ‘च’, ‘ज’, ‘झ’ यांचे दोन-दोन उच्चार आहेत. ‘चमचा’, ‘चाक’, ‘जर’, ‘झाड’ यांचा एक, ‘चंद्र’, ‘चहा’, ‘जन्म’, ‘जीवन’ यांचा दुसरा. यंत्राने तयार केलेला आवाज अनेकदा इथे पकडला जातो आणि मराठी न बोलणारा वाचकही. ‘सिंह’ हा शब्द ‘सिंव्ह’ असा येतो की लिहिल्याबरहुकूम, तेही ऐका. यूट्यूबवर यंत्राच्या आवाजातली पुस्तकं आता पुष्कळ दिसतात. माहितीपर मजकुराला एक वेळ तो आवाज चालेल, कथेला चालत नाही. कुठल्या शब्दावर रेंगाळायचं हे त्याला कळत नाही.

मग संवाद ऐका. वाचणारा प्रत्येक पात्राची नक्कल करतो का? केलीच पाहिजे असं नाही. उलट नाटकी नक्कल दहा तास सोसवत नाही. निवेदन आणि संवाद यांतला फरक सूक्ष्म ठेवणारा, बायकांचे संवाद उगाच किनरे न करणारा आणि गावाकडची बोली टवाळीच्या सुरात न वाचणारा माणूस मिळाला की त्याचं नाव लिहून ठेवा. पुढचं पुस्तक त्या नावावरून शोधा. मला वाटतं, सबंध लेखातली सर्वात उपयोगी सूचना हीच आहे.

बोलीच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी जात्यावर, शेतात, घरकामात जन्मली, इतरांनी ती उतरवून घेतली आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली पुस्तक निघालं. ही कविता खानदेशी कानाच्या माणसाने म्हटलेलीच ऐकावी. प्रमाण मराठीच्या वळणाने वाचली की शब्द तेच राहतात, पण त्यांतलं पाणी आटतं.

कुठून घ्यायचं

स्टोरीटेल ही मूळ स्वीडनची कंपनी २०१७ साली भारतात आली आणि मराठी ऑडिओबुकांचा मोठा साठा तिच्याकडे आहे. तिथे वर्गणी भरून ऐकायचं असतं. ऑडिबल २०१८ साली भारतात आलं. मराठीपुरतं पाहायचं तर स्नॉवेलचं नावही ध्यानात ठेवा. दोन ठिकाणी एकदम वर्गणी भरू नका. ऐकायची असलेली तीन-चार पुस्तकं कागदावर लिहा, प्रत्येक ठिकाणी ती शोधा आणि जिथे जास्त सापडतील तिथे एक महिना राहून पाहा. फुकट अजमावण्याची मुदत असेल तर ती संपण्याची तारीख कॅलेंडरमध्ये टाका.

आकाशवाणी विसरू नका. प्रसार भारतीच्या ॲपवर मुंबईची अस्मिता वाहिनी, पुणे आणि इतर केंद्रं थेट ऐकता येतात, तीही विनामूल्य. भाषणं, नभोनाट्यं, मुलाखती यांची परंपरा अजून टिकून आहे.

यूट्यूबवर जे मिळतं त्यातलं बरंच लेखकाच्या वा प्रकाशकाच्या परवानगीशिवाय टाकलेलं असतं. भारतीय कायद्यानुसार साहित्यकृतीवरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो आणि ही वर्षं मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजतात. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांचं लेखन २०११पासून सर्वांसाठी मोकळं आहे. पु. ल. २००० साली गेले, त्यांच्या लेखनावरचा हक्क २०६० अखेरपर्यंत आहे. लेखन मोकळं झालं तरी एखाद्याने केलेल्या ध्वनिमुद्रणावर त्याचा वेगळा हक्क असतो. वाचणाऱ्याचं नाव, ध्वनिमुद्रण कुणी केलं, परवानगी कुणाची, हे जिथे दिलंय तिथेच ऐका. मराठी ऑडिओबुकं करणारी माणसं थोडी आहेत आणि त्यांची मेहनत मोठी आहे. त्यांना त्यांचे पैसे मिळाले पाहिजेत.

डाउनलोड घरच्या वायफायवर करून ठेवा. बोललेला आवाज ६४ केबीपीएस दर्जाचा असेल तर तासाला सुमारे २९ एमबी लागतात, १२८ असेल तर ५८. म्हणजे बारा तासांचं पुस्तक हलक्या दर्जात साडेतीनशे एमबीच्या आत बसतं. आवाजाला एवढं पुरतं.

कादंबरीकडे जाताना

कथा आणि क्रमशः प्रकरणं सवयीची झाली की एक मधली पायरी घ्या, आत्मचरित्र. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३७ या काळात भागाभागांनी प्रसिद्ध झाली. लक्ष्मीबाईंचं रीतसर शालेय शिक्षण झालं नव्हतं आणि त्यांचं लिहिणं बोलण्याच्या इतकं जवळ आहे, की मोठ्याने वाचल्यावर ते अधिक खुलतं. एकच निवेदिका, सगळं तिच्या तोंडून. पात्रं पुष्कळ असली तरी धागा तुटत नाही. ज्यांना कादंबरी ऐकताना माणसं गोंधळतात त्यांनी इथे महिनाभर मुक्काम करावा.

कादंबरीसाठी मात्र थोडी तयारी लागते. कागदावर मागची पानं उलटता येतात. ऐकताना मागे जायचं तर चाचपडावं लागतं. म्हणून पहिल्या तासात जी नावं येतील ती एका कागदावर लिहा. कोण कुणाचा कोण, एवढंच. पंधरा सेकंद मागे नेणारं बटण निःसंकोच वापरा. मराठी वाक्याचं क्रियापद शेवटी येतं. मध्ये मन भरकटलं आणि शेवटचा शब्द निसटला तर सगळं वाक्यच हातचं जातं. तीनदा मागे जाऊनही डोक्यात शिरत नसेल तर त्या दिवशी बंद करा.

वेग एक पटच ठेवा. सव्वापट चर्चेला आणि मुलाखतीला ठीक. कथेत वाचणाऱ्याने जपून ठेवलेली शांतता वेग वाढवल्यावर नाहीशी होते. काही ॲपमध्ये शांत जागा आपोआप गाळण्याची सोय असते, साहित्य ऐकताना ती बंदच ठेवा. झोपताना ऐकत असाल तर पंधरा मिनिटांनी आपोआप थांबेल असं लावा आणि दुसऱ्या दिवशी जिथे थांबलं तिथून थोडं मागे जाऊन सुरू करा.

कानांनी वाचू नयेत अशीही पुस्तकं आहेत. तळटीपांची, आकड्यांची, नकाशांची. जी. ए. कुलकर्णींच्या दीर्घकथा मी आधी छापील वाचाव्यात असं सांगेन. तिथे प्रतिमांची घनता एवढी असते की डोळ्यांना परतपरत त्याच ओळीवर यावंसं वाटतं. एकदा वाचून झाल्यावर मात्र जरूर ऐका. ‘ज्ञानेश्वरी’चं उलट आहे. ओवी मुळात म्हणण्यासाठी आहे. रोज थोड्याच ओव्या, आधी मूळ, मग अर्थ, मग पुन्हा मूळ, या पद्धतीने ती कानातून उत्तम उतरते.

पॉडकास्ट कसा निवडायचा

पॉडकास्ट ऐकताना पहिल्या भागापासून सुरुवात करायची गरज नसते. यादी उघडा आणि तुम्हाला ज्यातलं बऱ्यापैकी कळतं असा विषय किंवा पाहुणा शोधा. तो भाग ऐकल्यावर सूत्रधाराची तयारी किती, हे लगेच समजतं. पाहुण्याचं काम न वाचता प्रश्न विचारणारा आणि वाचून आलेला, यांतला फरक दहा मिनिटांत उघड होतो.

मराठीत गप्पांचे पॉडकास्ट गेल्या काही वर्षांत खूप वाढले. नाटक-सिनेमातल्या माणसांशी निवांत बोलणं ऐकायचं तर ‘मित्रम्हणे’, रोजच्या जगण्यातल्या विषयांवर तज्ज्ञांना बोलतं करणारा ‘अमुक तमुक’, मुलाखतींसाठी ‘व्हायफळ’ आणि ‘थिंक बँक’. हे भाग लांब असतात. दोन-तीन बैठकांत ऐका, पण ज्या भागात कलावंत आपल्या कामाच्या पद्धतीबद्दल बोलतो तो पुन्हा ऐका. एखादी भूमिका बसवताना काय केलं, हे गाजलेल्या किश्श्यांपेक्षा कितीतरी मोलाचं असतं.

इंग्रजी समजत असेल तर तीन-चार मालिकांची शिफारस मी मनापासून करतो. ‘द न्यूयॉर्कर: फिक्शन’ २००७पासून दर महिन्याला येतो. एक लेखक त्या साप्ताहिकाच्या जुन्या अंकांतली दुसऱ्या लेखकाची कथा निवडतो, ती मोठ्याने वाचतो आणि मग कथाविभागाच्या संपादक डेबोरा ट्राइसमन यांच्याशी तिच्याबद्दल बोलतो. बीबीसीच्या ‘इन अवर टाइम’मध्ये १९९८पासून २०२५पर्यंत मेल्विन ब्रॅग यांनी दर भागात अभ्यासकांना बोलावून एकाच विषयावर चर्चा घडवली. अशोक आणि उपनिषदं यांवरचे भाग आपल्याला जवळचे वाटतील. ‘अ हिस्टरी ऑफ द वर्ल्ड इन १०० ऑब्जेक्ट्स’ ही २०१०ची मालिका ब्रिटिश म्युझियमच्या शंभर वस्तूंवर आहे, प्रत्येक भाग सुमारे पंधरा मिनिटांचा. सिंधू संस्कृतीची मुद्रा, अशोकस्तंभाचा तुकडा, शिव-पार्वतीची मूर्ती हे भाग आधी घ्या. मात्र लावण्यापूर्वी त्या वस्तूचं छायाचित्र एकदा नीट पाहा आणि मग फोन खाली ठेवा.

सुनील खिलनानी यांच्या ‘इनकार्नेशन्स’ या बीबीसी मालिकेत पन्नास भारतीयांच्या आयुष्यावर एकेक भाग आहे. शिवाजी महाराज, जोतीराव फुले, बाबासाहेब आंबेडकर आहेत, तसाच मलिक अंबरही. मलिक अंबरचा भाग ऐकून खुलताबादला त्याची कबर पाहायला जा आणि छत्रपती संभाजीनगरात त्याने सुरू केलेल्या नहरीच्या, म्हणजे शहराला पाणी आणणाऱ्या कालव्याच्या, खुणा शोधा. ऐकलेली गोष्ट पायांखाली आली की ती विसरत नाही.

चारचौघांत ऐकणं

कथावाचन आणि मग चर्चा, हा ‘न्यूयॉर्कर’चा घाट आपल्याला घरीही वापरता येतो. चार-सहा माणसं, साधारण पंचवीस मिनिटांची एक कथा, बऱ्यापैकी स्पीकर. मोबाइलच्या स्पीकरवर लावू नका, मागे बसलेल्याला पहिल्या मिनिटापासून कंटाळा येतो. चहा कथेच्या आधी किंवा नंतर. ‘आवडली का?’ या प्रश्नाने सुरुवात केली तर सगळे ‘छान होती’ म्हणून मोकळे होतात. त्याऐवजी विचारा, तुमचं मन कुठे भरकटलं? प्रत्येक जण वेगळी जागा सांगतो आणि तिथून कथेबद्दल, वाचनाबद्दल, स्वतःबद्दलही खरं बोलणं सुरू होतं. गावातल्या वाचनालयाला संध्याकाळी एक खोली मोकळी असते, तिथे महिन्यातून एकदा हे सहज होऊ शकतं.

दृष्टी कमी झालेल्यांसाठी

ज्यांना छापील मजकूर वाचता येत नाही त्यांच्यासाठी ‘सुगम्य पुस्तकालय’ हे केंद्र सरकारचं ऑनलाइन ग्रंथालय २०१६ साली सुरू झालं. त्यात भारतीय भाषांतली पुस्तकं आहेत. यामागे कायद्याचं पाठबळ आहे. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीने अशा वाचकांसाठी पुस्तकांचं सुलभ रूपांतर करायला मुभा मिळाली आणि याच विषयावरच्या २०१३च्या माराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा जगातला पहिला देश ठरला, २०१४ साली. तिथली डेझी स्वरूपातली पुस्तकं प्रकरणांनुसार पुढे-मागे नेता येतात, साध्या ध्वनिफितीत ही सोय नसते.

घरातल्या वडीलधाऱ्यांना फोन हातात देऊन मोकळं होऊ नका. पुस्तक आधी डाउनलोड करून ठेवा, ॲप पहिल्या पडद्यावर एकटंच ठेवा, सुरू करणं, थांबवणं आणि मागे जाणं ही तीनच बटणं शिकवा. पहिले काही दिवस शेजारी बसून ऐका. कमी ऐकू येत असेल तर हेडफोनपेक्षा जवळ ठेवलेला लहान स्पीकर बरा पडतो. आणि पहिलं पुस्तक त्यांनी तरुणपणी वाचलेलंच निवडा. गोष्ट ठाऊक असली की यंत्राची धास्ती कमी होते आणि एखादा शब्द निसटला तरी ते पुढचं वाक्य स्वतःच म्हणतात.